क्रॉसमॅच

आमच्या डायलिसिस युनिटमध्ये आल्या आल्या वजन करतात. अंगात साठलेलं पाणी किती काढायचं ते त्यावर ठरतं. एरवी ‘आज किती भरलं, सिस्टर?’ असं विचारणारा हा पोरगा त्या सकाळी काट्यावर चढला, उतरला आणि न बोलता खाटेवर जाऊन पडला. आदल्या संध्याकाळी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली होती.

त्याला आईची किडनी बसायची होती. रक्तगट जुळला, आईच्या तपासण्या पार पडल्या, कागदपत्रं झाली, ऑपरेशनची तारीखही पडली. पण ऑपरेशनच्या तोंडावर दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तातल्या द्रवात घालून पुन्हा बघतात. हीच क्रॉसमॅच, आणि ती पॉझिटिव्ह येणं वाईट. पोराच्या रक्तातल्या अँटिबॉडीजनी आईच्या पेशी मारल्या. अशी किडनी बसवली तर शरीर ती काही तासांतही नाकारू शकतं. आजाराच्या सुरुवातीला हिमोग्लोबिन फार उतरलं तेव्हा त्याला रक्ताच्या पिशव्या चढवल्या होत्या. अँटिबॉडीज बहुधा तेव्हाच तयार झाल्या असाव्यात.

माणसं ख्रिस्ती, माझ्यासारखीच. चर्चच्या मंडळीने उपास-प्रार्थना केल्या होत्या. तारीख पडली तशी घरी उपकारस्तुतीची सभाही झाली. (नुसत्या तारखेवर उपकारस्तुती करू नये असं माझं मत, पण मला विचारतो कोण.) महिला मंडळाने शहाळी पाठवली. डायलिसिसच्या माणसाला शहाळं म्हणजे पोटॅशियमचा मारा, तेव्हा ती आम्ही नर्सेसनीच संपवली.

मी फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या शिरेत, सुई घालत असताना तो म्हणाला, “तुम्ही चर्चला जाता ना? त्याला सांगा, आपलं जमणार नाही आता.”

त्याला म्हणजे देवाला. मी पट्टी चिकटवली आणि मशीन सुरू केलं. बायबलात सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसून होते. तोवर त्यांचं बरोबर चाललं होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

मधल्या वेळेत त्याचे काका भेटायला आले. “जय ख्रिस्त” झालं. मग खाटेच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, “देवाची योजना याहून मोठी असेल. आपणच कुठंतरी विश्वासात कमी पडलो.”

पोराने तोंड भिंतीकडे फिरवलं. स्टुलावर बसलेली आई एरवी दिरासमोर फारशी बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

“भावजी, रमाबाई विश्वासात कमी पडल्या होत्या व्हय?”

पोराच्या आईचं माहेर केडगावचं. त्यांची पणजी रमाबाईंनी तिथे काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, त्यामुळे पंडिता रमाबाई म्हणजे त्यांच्या घरातलंच माणूस. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला. एकुलत्या लेकीला, मनोरमेला, आपल्यामागे काम सांभाळायला तयार केलं, तर १९२१ मध्ये तीही गेली. हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलाचं भाषांतर तरीही रमाबाईंनी टाकलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. आईने हे सगळं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. काका गप्प झाले आणि थोड्या वेळाने चहाला म्हणून गेले.

“त्यांनी देवाला जाब विचारला नसेल?” पोरगा भिंतीकडे बघतच म्हणाला.

“मला काय ठाऊक. स्तोत्रांत इचारलाय की लोकांनी.” मग माझ्याकडे पिशवी सरकवत, “सिस्टर, चष्मा राहिला घरी. वाचता का?”

मी पिशवीतलं बायबल उघडून ८८वं स्तोत्र काढलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाला स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. मला का टाकलंस, तोंड का लपवतोस, असं विचारत जातं आणि अंधारावर थांबतं. मंडळीत ते वाचलेलं मी क्वचितच ऐकलंय. पण ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली त्यांनी ते गाळलं नाही आणि गोड शेवटही जोडला नाही. जो रात्रंदिवस तक्रार करतो, तो तक्रार त्याच्याचकडे करतो. दुसऱ्या दारी जात नाही. मला आधार वाटतो तो याचा.

“पुढं?”

“संपलं.”

“हे बायबलात आहे?”

“हे बघ.”

त्याने पुस्तक हातात घेऊन स्वतः पाहिलं. “मग मगाशी मी बोललो ते काहीच नाही,” तो म्हणाला, आणि त्याला जांभया यायला लागल्या. बीपी उतरत होतं. मी पाय वर केले, सलाईन सोडलं, पाणी काढणं थांबवलं. पुढचा पाऊण तास देवाधर्माचं कुणी काही बोललं नाही.

सुया काढल्यावर बोळा दाबून धरत त्याने स्वतःहून विचारलं, आता काय वाटा आहेत. वडिलांची तपासणी करता येईल. दुसऱ्या एखाद्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करता येते, २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्यात तशी सोय आहे. शिवाय मेंदुमृत दात्यांच्या किडनीसाठी पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयववाटप बघणाऱ्या संस्थेच्या, प्रतीक्षायादीत नाव घालता येतं. यातलं काहीच लवकर होणारं नाही, हेही मी सांगितलं. “घाला नाव,” तो म्हणाला.

काका परत आले होते. त्यांनी दबकतच विचारलं, “रविवारी चर्चला येशील ना?”

“येईन. पण गाणार नाही.”

“नको गाऊ,” आई म्हणाली. “चपला घाल.”