खरी चेरी

काल अमरावतीहून परतताना एका हातगाडीवर काश्मीरची ताजी चेरी दिसली आणि पाय तिथंच थांबले. अर्ध्या किलोची पेटी, 180 रुपये. देठ हिरवे आहेत एवढं पाहून घेतली. चेरी झाडावरून तोडली की पुढं पिकत नाही, नुसती सुकते. जूनच्या या उकाड्यात ओल्या रुमालात गुंडाळून एसटीत मांडीवर धरून बसले.

आजवर केकवरची ती लालभडक गोळी म्हणजेच चेरी, असं आम्ही समजत होतो. ते बहुतेक वेळा पाकात मुरवलेलं, रंग दिलेलं करवंदच असतं. लेकीनं खरी चेरी चावली, रस हनुवटीवर ओघळला, अन् म्हणाली, "हे त वेगळंच लागते व आई!"

रव्याच्या केकसाठी सासूबाई स्वतःहून बिया काढायला बसल्या. देठाच्या जागी स्ट्रॉ खुपसायची, बी दुसऱ्या बाजूनं टुपकन बाहेर. त्यांची बोटं पार जांभळी झाली. चेरी पुसून थोड्या मैद्यात घोळवल्या, म्हणजे तळाला बसत नाहीत. रव्याचं दही घातलेलं मिश्रण, वरून निम्म्या चेरी. लाइटचा भरवसा नाही, म्हणून कुकरच्या तळाला मीठ, रिंग आणि शिट्टी काढलेली, गॅस बारीक. पन्नास मिनिटं.

कापल्यावर प्रत्येक चेरीभोवती रव्यात गुलाबी कडं उमटलं होतं. किती सुंदर दिसत होतं ते! सासूबाईंनी पहिला तुकडा शेजारच्या आजींकडे पाठवला. उरलेल्या मूठभर चेरी माठाजवळच्या गारव्यात ठेवल्यात, उद्या लेकीच्या डब्यासाठी.