दरवर्षी कशाला लिंपायचं?

आमच्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस बैठकीतल्या एका फोटोपाशी थांबतं. फोटोत मातकट रंगाची, सरळ रेघ औषधालाही नसलेली एक थोराड भिंत आहे. तिला कणगीसारखे फुगीर धिरे टेकलेत आणि वर गडद निळं आभाळ. "किल्ला आहे का?" मी म्हणते, चर्च आहे, मागच्या बाजूनं काढलंय. मातीचं आहे आणि गावातली माणसं दर उन्हाळ्यात ते स्वतः लिंपतात. मग ठरलेला प्रश्न येतो: "अहो, दरवर्षी कशाला लिंपायचं? एकदाच सिमेंट मारून का टाकत नाहीत?"

तुम्हीही विचारलंत, म्हणून यावेळी नीट सांगते.

हे सॅन फ्रान्सिस्को दे असिस चर्च. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, टाओसच्या दक्षिणेला रांचोस दे टाओस नावाची वस्ती आहे, तिथलं. १८१५ च्या सुमाराला ते बांधून झालं, तेव्हा तो मुलूख स्पेनच्या ताब्यात होता. भिंती अडोबीच्या, म्हणजे माती आणि काड एकत्र तुडवून, साच्यात घालून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या. (फळ्यांच्या चौकटीत ओलसर माती घालून धुमसानं ठोकत चढवलेली भिंत वेगळी. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या साओ मिगेल चॅपेलच्या भिंती तशा आहेत, १६२२ सालच्या.) चित्रकार जॉर्जिया ओ'कीफनं रांचोसच्या या चर्चची पाठ चित्रांत उतरवली, छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनं तिचे फोटो काढले. त्यामुळे ती पाठच जगप्रसिद्ध झाली.

आता तुमचा प्रश्न. सिमेंट मारलं होतं. १९६७ मध्ये. दरवर्षीची दगदग संपावी म्हणून सगळ्या चर्चला बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. १९७० साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला, तेव्हा माती त्या कवचाच्या आत कोंडलेली होती.

मातीची भिंत ओल घेते आणि ऊन पडलं की सोडून देते. सिमेंटच्या गिलाव्याला केसाएवढी चीर पडली तरी पाणी आत शिरतं, आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट राहत नाही. जमिनीतून चढलेली ओलही तिथंच मुरते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि आत बुडाच्या विटांचा चिखल होत जातो. मातीचा गिलावा झिजतो ते डोळ्यांना दिसतं, कुठे हात फिरवायचा ते कळतं. झिजायचं काम गिलाव्यानं करायचं, म्हणजे भिंत राहते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मंगळवेढ्याकडच्या आमच्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, वर माळवद. मी शाळेत असताना वडिलांनी हौसेनं बाहेरून सिमेंट करून घेतलं. चार-पाच पावसाळ्यांनंतर मागच्या भिंतीला पोट आलं. गवंड्यानं थापी मारली, तसा परातीएवढा पोपडा सुटून खाली आला. मागची माती ओल्या गुळासारखी हाताला लागली. वडील बराच वेळ ती चुरगाळत उभे होते.

रांचोसच्या लोकांनी सिमेंट काढलं. १९७९ मध्ये ते सगळं कवच सोलून त्यांनी पुन्हा माती लावली, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात गाव जमतं. या कामाला तिथं 'एनहार्रे' म्हणतात. टाओस समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर आहे. पाऊस थोडा, पण जुलै-ऑगस्टमध्ये येतो तेव्हा झोडपून काढतो, आणि हिवाळ्यात बर्फ असतं. म्हणून पावसाच्या आधी लिंपण उरकायचं. बाहेरच्या माणसांनाही हात लावू देतात. त्याच राज्यातल्या आल्बुकर्की शहरात राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी गेले.

जाण्याआधी वाटत होतं, परक्यांच्या देवळात आपलं काय काम? पण ढीग घातलेली माती दिसली, त्यात काड मिसळलेलं, आणि पाणी पडताच वास आला तो आमच्या अंगणाचाच. हातानं लिंपण्याचं काम तिकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं, त्यांना 'एनहार्रादोरा' म्हणतात. सत्तरीच्या पुढच्या एका बाईंनी माझ्या हातातला गोळा घेतला, मुठीत दाबला, बोटं उघडून पाहिला आणि मान हलवली. काड कमी होतं. मग तळहाताची टाच कशी दाबायची, कडा कशी मारायची, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं. शेवटच्या पातळ थरावर मेंढीच्या कातड्याचा तुकडा फिरवतात. आम्ही सणाला पोतेरं फिरवायचो, तसंच. त्यांना मराठी येत नव्हतं, मला स्पॅनिश. दुपारपर्यंत आमचं काही अडलं नाही.

त्या दिवशी माझ्या शेजारी बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा काम करत होता. आजोबा त्याला बोट दाखवून सांगत होते, हा कोपरा आपल्या घराचा. ज्या भिंतीआड त्याचा बाप्तिस्मा झाला, रविवारची मिस्सा होते आणि घरची माणसं शेवटची आणली जातात, तिचा एक कोपरा दरवर्षी त्याच्या हाताखालून जाणार. दोनशे वर्षांपूर्वीचा बाहेरचा थर आज तिथं कणभरही नसेल. तो कधीच पावसात वाहून गेला आणि पुन्हा पुन्हा लावला गेला. तरी चर्च तेच आहे, कारण लावणारी माणसं आपसात तुटली नाहीत. माझ्या लेखी त्याचा वारसा हा आहे. उद्या पुन्हा सिमेंट चढवलं आणि समजा भिंत टिकलीही, तरी काड किती घालायचं हे त्या मुलाला कोण सांगणार?

कष्ट आहेत, मान्य आहे. तरणी मुलं नोकऱ्यांसाठी गाव सोडतात, हात कमी पडतात. म्हणून तर बाहेरच्यांना बोलावतात. तुम्हाला जमलं तर जूनच्या सुरुवातीला चला माझ्याबरोबर, जुने कपडे घालून.

यंदा मार्चमध्ये गावी गेले तेव्हा घराच्या मागच्या भिंतीचं उरलेलं सिमेंट भावानं आणि मी सोलून काढलं. गावात आता पांढरी माती मिळवायलाच दोन दिवस गेले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांमुळे खुर्चीत बसून बघत होती. मी माती तुडवली, गव्हाचं काड घातलं आणि एक गोळा करून तिच्या हातात दिला. तिनं तो मुठीत दाबला, बोटं उघडली.

"अजून दोन पाट्या घाल," म्हणाली.