ड्रमरचं कोण ऐकतं

सदाशिव पेठेत ड्रमसेट ठेवणं म्हणजे घरात म्हैस बांधणं. मी दोन महिने करून पाहिलं. गणपतीच्या आधी नदीपात्रात पन्नास-पन्नास ढोल घुमायचे त्याला आमच्या सोसायटीची हरकत नव्हती, उलट चेअरमनचा मुलगाच पथकात होता. माझ्या एका स्नेअरला, म्हणजे सेटमधल्या एका छोट्या ड्रमला, मात्र होती. मग सेट वारज्यातल्या एका जॅमपॅडवर, म्हणजे बँडच्या सरावाच्या भाड्याच्या खोलीत गेला. तिथे तासाला दीडशे रुपये, चार जणांत वाटून. सिंबलची पिशवी पाठीवर आणि स्टँड मांडीवर आडवे धरून मी पीएमटीने किती वेळा गेलो असेन याला गणती नाही. एकदा कंडक्टरने स्टँडचं लगेज तिकीट फाडलं. गिटारवाल्यांना असले प्रश्न पडत नाहीत.

आम्ही चौघं भेटलो फिरोदिया करंडकात. कॉलेजच्या एकांकिकेला लाइव्ह म्युझिक द्यायचं होतं. स्पर्धा हरलो, पण विंगेत बसून वाजवलेले दोन तुकडे पुढे गाणी झाले. शब्द मराठी होते, आणि २००६-०७ साली ही एक अडचणच होती. कॉलेज फेस्टच्या आयोजकांचा पहिला प्रश्न, ‘कव्हर कुठली वाजवता?’ म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी. मराठीत गातो म्हटलं की समोरचा भावगीतं समजायचा. एकाने तर पेटी आणणार का असं विचारलं होतं.

तर ठरलं की चार गाणी नीट रेकॉर्ड करायची आणि सीडी काढायची, म्हणजे सांगत बसायला नको. पैसे जमले साडेसहा हजार. स्टुडिओ तासाला पाचशे. त्यामुळे फक्त ड्रम्स स्टुडिओत, एका दिवसात, चारही गाण्यांचे. बाकी सगळं गिटारवाल्याच्या खोलीत, त्याच्या लॅपटॉपवर.

तो दिवस मला अजून तासातासाने आठवतो. पहिले अडीच तास एकही टेक झाला नाही. कातडी ताणणं, स्नेअरची किणकिण मारायला वर पाकिटाचा तुकडा चिकटवणं, आणि माइक. डोक्यावर दोन माइक लावतात ते स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर तोच आवाज एकात आधी आणि दुसऱ्यात नंतर पोचतो आणि एकत्र केल्यावर पातळ, पोकळ लागतो. स्टुडिओतल्या दादांनी शिंप्याच्या टेपने अंतर मोजलं. मग कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या गतीचा ठोका. ज्याने आयुष्यभर मित्रांच्या माना बघून वाजवलंय त्याच्या कानात टक-टक-टक सुरू झालं की पहिला अर्धा तास हात स्वतःचे राहत नाहीत. तिसरं गाणं १२०वर होतं, म्हणजे मिनिटाला १२० ठोके. सातव्या टेकला ते बसलं. दादा काचेमागून म्हणाले, ‘हा ठेवू.’ एवढं कौतुक मला नंतर कधी मिळालं नाही.

फाइली न्यायला पेनड्राइव्ह होता २ जीबीचा, त्यात अर्ध्यावर बेसवाल्याचा कॉलेजचा प्रोजेक्ट. म्हणून फक्त ड्रम्सच्या फाइली घेतल्या. ड्रम्सला अंदाज यावा म्हणून सोबत वाजवलेली गाइड गिटार स्टुडिओतच राहिली. इथेच आम्ही मेलो.

घरी फाइली उघडताना सॉफ्टवेअरने विचारलं की सॅम्पल रेट वेगळा आहे, बदलून घेऊ का. गिटारवाल्याने ‘नको’ दाबलं. कॉम्प्युटरने काहीही विचारलं तरी नको म्हणावं, अशी त्याची श्रद्धा होती. आता हे प्रकरण असं, की स्टुडिओत आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले होते. आमचा प्रोजेक्ट सीडीच्या हिशोबाने ४४,१०० वर. नमुने तेवढेच, पण वाचले जाणार सावकाश. ४ मिनिटांचं गाणं होतं ४ मिनिटं २१ सेकंदांचं, आणि सूर दीड अर्धस्वराने खाली येतो. गिटार असती तर लगेच कळलं असतं. नुसत्या ड्रम्समध्ये कळत नाही. उलट कीक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, जाडजूड झाली, स्नेअर मांसल. ‘काय वाजतंय रे!’ सगळे खूश.

मी म्हणालो, ‘हे हळू आहे. मी इतकं हळू वाजवलेलं नाही.’

‘पडला असेल टेम्पो,’ बेसवाला म्हणाला.

‘अरे, क्लिक होती कानात!’

‘मग क्लिक हळू असेल, लेका.’

ड्रमर गाणं पळवतो अशी तक्रार सगळ्या बँडांमध्ये असते. माझा बहुधा एकच बँड, जिथे ड्रमर ‘मी पळवलंय’ म्हणून शपथा घेत होता. घरी गेल्यावर मलाही शंका यायला लागली.

त्या संथ गतीवर पाच आठवडे गिटार, बेस, गाणं सगळं झालं. गायकाला कपाटाच्या दोन दारांमध्ये उभं करून मागे गोधड्या टांगल्या होत्या. जुलै महिना. शेजारच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला की टेक थांबवायचा आणि चहा ठेवायचा. त्या महिन्यात गाण्यापेक्षा चहाच जास्त झाला. तिसऱ्या गाण्यातल्या लांब ओळीला त्याचा श्वास पुरेना. पूर्वी पुरायचा. तेव्हाही कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

ऑगस्टमध्ये मिक्सिंगला स्टुडिओत गेलो. दादांनी सहज त्यांच्याकडची गाइड गिटार आमच्या ट्रॅकसोबत लावली. दोन गाणी एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखा आवाज आला. त्यांनी एक आकडा बघितला, दुसरा बघितला, आणि हसायला लागले. आमच्यापैकी कुणी हसलं नाही. बेसवाला उठून बाहेर गेला आणि माझ्यासाठी क्रीमरोल घेऊन आला. माफी अशी कुणी मागितली नाही.

तीन गाणी पुन्हा पहिल्यापासून केली. तिसरं तसंच ठेवलं. त्या संथपणात गिटारवाल्याला बोटांनी छेडायची एक जागा सापडली होती, ती १२०वर वाजवताच येत नव्हती. खरं सांगायचं तर गाणं हळूच चांगलं होतं. मी हे तेव्हा कबूल केलं नाही. तेव्हापासून आम्ही ते कार्यक्रमातही ११०वर वाजवायला लागलो.

सीडी दिवाळीनंतर निघाली, दोनशे प्रती. कोऱ्या सीडी तपकीर गल्लीतून, कव्हर लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून. त्याने सवयीने प्रूफवर ‘श्री गजानन प्रसन्न’ टाकलं होतं. ते आम्ही राहू दिलं. पन्नास रुपयाला एक. निम्म्या नातेवाइकांनीच घेतल्या. २०१०च्या डिसेंबरात कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर हे बँडांचं फेस्टिव्हल पहिल्यांदा झालं, तिकिटं काढून गेलो आणि पिशवीतून तीस सीडी नेल्या, कुणा मोठ्या बँडच्या हातात द्यायला. एकोणीस परत आणल्या.

शेवटचा कार्यक्रम २०१२मध्ये, बाणेरच्या एका लॉनवर. गिटारवाल्याचा जर्मनीचा व्हिसा आला होता. आधीचे बँड लांबत गेले आणि आम्ही चढलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद, गेटवर हवालदार येऊन उभाच होता. आयोजक स्टेजच्या कडेला येऊन मनगटावर बोट आपटत म्हणाला, ‘चार मिनिटं आहेत, भाऊ. एकच घ्या.’

राहिलं होतं तेच तिसरं गाणं. गायकाने माझ्याकडे बघितलं. मी काठ्या वर केल्या आणि चार मोजले. १२०वर.

गिटारवाला गर्रकन वळला. त्याची ती बोटांनी छेडायची जागा साफ गेली, तो नुसते कॉर्ड मारत राहिला. बेसवाला शिव्या देत होता, ओठांवरून कळत होतं. लांब ओळ गायकाने एका श्वासात घेतली.

दहाला काही सेकंद असताना आम्ही थांबलो.