तुम्ही विचारलंत म्हणून: १९१३ सालची बारा फुटी डिंगी अजून तशीच का बांधतात

नेदरलँड्समधून पाठवलेले फोटो बघितले की घरचे, मित्र, पुण्याचे जुने ऑफिसवाले सगळे फिरून फिरून एकच विचारतात, की ही लाकडी बोट १९१३ सालच्या डिझाइनवरनं बांधलेली आहे म्हणतोस, मग शंभर वर्षांत तिच्यात कुणी काहीच सुधारणा केली नाही का, आणि फळीवर फळी चढवून एवढं किचकट काम करायचं कशाला, सरळ फायबरची का नाही घेत? फोनवर दोन वाक्यांत उत्तर देतो आणि ते अर्धवटच राहतं, म्हणून एकदा नीट लिहून टाकतोय.

ही बोट म्हणजे इंटरनॅशनल १२ फूट डिंगी. लांबी बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर, रुंदी साधारण १.४ मीटर, एकच शीड आणि त्याचं क्षेत्रफळ शंभर चौरस फूट. डिझाइन केलं जॉर्ज कॉकशॉट यांनी, इंग्लंडमधल्या साउथपोर्टचे वकील, बोटी आखणं हा त्यांचा धंदा नव्हता, छंद होता. तिकडच्या बोट रेसिंग असोसिएशनला एक छोटी, कमी खर्चाची, सगळ्यांची अगदी एकसारखी अशी बोट हवी होती, त्यासाठी डिझाइनं मागवली गेली आणि कॉकशॉट यांचं निवडलं गेलं. अट अशी की हिच्यात शर्यतही लावता आली पाहिजे आणि एरवी ती मोठ्या यॉटची टेंडर म्हणून, म्हणजे किनाऱ्यावरनं माणसं-सामान ने-आण करायला, वल्हवायला, यॉटच्या मागे बांधून ओढून न्यायलासुद्धा चालली पाहिजे.

माझ्या मते सगळं उत्तर या अटीत आहे. नुसती शर्यतीची बोट असती तर दहा वर्षांत तिच्याहून वेगवान काहीतरी आलं असतं आणि ही अडगळीत गेली असती. पण हिला दोन्ही कामं करायची होती, त्यामुळे कॉकशॉट यांनी पोट चांगलं रुंद ठेवलं, कड उंच ठेवली, म्हणजे पाय ठेवला की लगेच कलंडत नाही, लाट चटकन आत येत नाही, आणि तरी पाण्याखालचा आकार इतका सफाईदार ठेवला की हलक्या वाऱ्यातही बोट सुरेख सरकते. शीडसुद्धा तसंच निवडलं, स्टँडिंग लग. यात डोलकाठी आखूडच लागते, कारण शीड वरच्या एका तिरप्या काठीला बांधलेलं असतं आणि ती काठी दोरीने ओढून डोलकाठीच्या वर उभी चढवतात, म्हणजे उंची मिळते पण लांब डोलकाठी लागत नाही. काम झालं की सगळं उतरवून बोटीतच आडवं टाकायचं आणि वल्ही घ्यायची. आपल्या कोकणातल्या मचव्याचं शीडही तिरप्या परबाणालाच, म्हणजे अशाच वरच्या काठीला, असतं, आकार वेगळा, पण आखूड डोलकाठीवर मोठं शीड पेलायची युक्ती तीच, आणि म्हणूनच बहुतेक मला ही बोट पहिल्यांदा बघितली तेव्हाच ओळखीची वाटली. एक तोटा आहे, काठी डोलकाठीच्या एकाच बाजूला असते त्यामुळे एका अंगाला वारा घेतला की शीड डोलकाठीवर दाबलं जातं आणि त्याचा आकार थोडा बिघडतो. इथले जुने लोक ते धरूनच चालवतात.

आता बांधणी. माझे मामा देवगडचे, मचवे बांधताना बघत मोठे झालेले, त्यांचा पहिला प्रश्न हाच, "अरे, फटीत कापूस नाही भरत?" नाही भरत मामा. आपल्याकडे फळ्या कडेला कड लावून बसवतात, बाहेरून अंग गुळगुळीत, आणि सांध्यात कापूस ठोकून बुजवतात. इथे क्लिंकर पद्धत आहे, म्हणजे प्रत्येक फळी शेजारच्या फळीवर कौलांसारखी थोडी चढलेली. जिथे फळी फळीवर चढते तिथे लाकडाची जाडी दुप्पट होते, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून मागपर्यंत आपोआप कडक पट्ट्या तयार होतात, त्यामुळे फळी स्वतः सेंटिमीटरभर किंवा त्याहून कमी जाडीची असली तरी भागतं. हलकं आणि तरी ताठ, असं दोन्ही. १९१३ मध्ये आजच्यासारखा पाण्यात टिकणारा गोंद नव्हता हे लक्षात घेतलं तर यापेक्षा शहाणी रीत कुठली होती मला सांगा.

मी इथे एका शेडमध्ये हे काम जवळून बघितलंय, थोडा हातही लावलाय. आधी तळाचा कणा, पुढचा खांब आणि मागची सपाट फळी उभी करतात, मधे आकारासाठी तात्पुरते साचे. मग कण्याला लागून पहिली फळी, तीच सगळ्यात हट्टी, कारण मधे ती जवळजवळ आडवी असते आणि पुढे जाता जाता पिळत पिळत उभी व्हायची असते. दुसरी गंमत म्हणजे बोटीवर इतकी सरळ, देखणी दिसणारी फळी काढून जमिनीवर सपाट ठेवली तर ती चांगलीच वाकडी असते, म्हणून प्रत्येक फळीचा आकार आधी साच्यांवर पातळ पट्टी ठेवून उतरवून घ्यावा लागतो, अंदाजपंचे कापली की लाकूड वाया. पुढची फळी चढणार ती कड रंध्याने तिरपी तासायची, आणि तो तिरपेपणा बोटीच्या लांबीभर सतत बदलत असतो, मधे जास्त, टोकाला कमी, वितभर पुढे सरकलं की पट्टी लावून बघायचं, परत तासायचं. अगदी पुढच्या खांबापाशी दोन्ही फळ्यांना खाच देत देत चढाव संपवून टाकतात, म्हणजे तिथे फळ्या एका पातळीत येऊन खांबाच्या खोबणीत बसतात. एखाद्या जुन्या बोटीचा कारागीर कसा होता हे बघायचं असेल तर मी आधी तीच जागा बघतो.

फळ्या एकमेकींना तांब्याच्या चौकोनी खिळ्यांनी जोडतात, आणि हा प्रकार दोघांनी करायचा. बाहेरून खिळा आत ठोकायचा, बाहेरच्या माणसाने खिळ्याच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा घट्ट टेकवून धरायचा, आतल्याने खिळ्याच्या टोकावर तांब्याची छोटी फुगीर चकती बसवायची, जास्तीचा खिळा कापायचा आणि उरलेलं टोक हलक्या हाताने टकटक करत चकतीवर पसरवायचं. जोरात मारलं तर लाकडाच्या आत खिळा वाकतो, बाहेरून कळत नाही, पण जोड कच्चा राहतो. घट्ट बसला की ठोक्याचा आवाज बदलतो, ऐकणाऱ्याला लगेच समजतं. आणि असे खिळे एका बोटीत शेकड्यांनी!

बरगड्या शेवटी बसवतात, हे ऐकून मामांना फार नवल वाटलं, कारण आपल्याकडचे वाक, म्हणजे मचव्याच्या बरगड्या, जाडजूड, मुळातच वाकड्या वाढलेल्या लाकडातनं काढलेले. इथे ओकच्या बारीक पट्ट्या पेटीत वाफेवर ठेवतात, इंचभर जाडीला तासभर वाफ असा जुना हिशोब आहे, आणि बाहेर काढल्यावर हातात अर्धा-एक मिनिटच असतं, तेवढ्यात पट्टी बोटीत घालायची, पायाने दाबत तळापासून कडेपर्यंत फळ्यांना चिकटवायची, शिकंजे लावायचे आणि लगेच खिळे. उशीर झाला की पट्टी तडकते, मग दुसरी घ्या. ते काम चाललेलं असताना शेडमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही.

आणि गळत नाही का? पहिल्यांदा पाण्यात टाकल्यावर गळते, बऱ्यापैकी गळते. मग लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि सांधे आपोआप बंद होतात. म्हणूनच ही बोट उन्हात फार दिवस कोरडी ठेवायची नसते. त्या फटींत कोणी सुकून कडक होणारं लुकणासारखं काही भरलं तर फुगायला जागाच उरत नाही आणि फळी फाटते किंवा खिळा सैल होतो, म्हणजे चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीच बोटीचा जीव घेते. हे मी कळकळीने सांगतोय, जुनी क्लिंकर बोट कुणाच्या हातात आली तर कृपा करून असलं काही भरू नका.

मोठेपणा बघायचा तर ऑलिंपिकचं सांगतो. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये हा क्लास, म्हणजे या डिंग्यांचा शर्यतीचा वेगळा गट, होता, नौकानयन ओस्टेंडला, आणि या क्लासमध्ये आल्या फक्त दोन बोटी, दोन्ही डच. एका शर्यतीत खुणेचा तरंगता बोया जागचा सरकला, ती शर्यत रद्द धरली, आणि दोन्ही बोटी डचच आहेत तर उरलेल्या शर्यती तुमच्याकडेच घ्या असं ठरलं. त्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅमजवळ झाल्या, म्हणजे बेल्जियमच्या ऑलिंपिकचं सुवर्णपदक नेदरलँड्सच्या पाण्यात ठरलं. जिंकले कॉर्नेलिस हिन आणि त्यांची दोन मुलं योहान आणि फ्रान्स, धाकटा फ्रान्स तेव्हा १४ वर्षांचा. बापलेकांची ही जोडणी मला फार आवडते, कारण ही बोट आहेच तशी, चौदा वर्षांच्या पोरालाही झेपणारी. पुढे १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये एकट्याने चालवायच्या बोटींच्या शर्यती याच डिंगीत झाल्या आणि स्वीडनचे स्वेन थोरेल जिंकले.

तर सुधारणा का नाही? केली असती तर ती ही बोट राहिली नसती, इतकं साधं आहे. सगळ्यांच्या बोटी सारख्या हीच मूळ अट, एकाने हलकी बनवली की बाकीच्यांच्या जुन्या बोटी त्या दिवशी कामातून जातात. इटलीतही ही डिंगी खूप आहे, तिथे फायबरचं अंग चालतं आणि त्यामुळे भरपूर लोकांना परवडतं, मला त्यात वाईट काही दिसत नाही. नेदरलँड्सवाले लाकडालाच धरून राहिलेत, आणि त्याचा एक सरळ फायदा असा की आजोबांची बोट नातवाच्या नव्या बोटीबरोबर एकाच रेषेवरनं सुटते आणि वारा बरा असेल तर पुढेही जाते.

आणि मामा, तुमचा दुसरा प्रश्न, सागवानात बांधली तर? बांधता येईल, टिकेलही खूप, पण सागवान जड पडेल आणि तेलकट असल्यामुळे फुगतंही कमी, त्यामुळे फळ्या बसवायला हात आणखी बारीक लागेल. बरगड्यांना मात्र सागवान नकोच, वाफेवर ओकसारखं वाकणारं लाकूड आधी शोधावं लागेल. तुमच्या ओळखीतल्या सुतारांना विचारून ठेवा, मी डिसेंबरमध्ये आलो की बसून बोलू.