कसर लागलेलं कंदीलपुष्प

कॉलेजात पाहणी समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. वरून निरोप आला, वनस्पतिशास्त्राचं ते जुनं कपाट रिकामं करा. शिपाईमामा पोतं घेऊनच आले. वाळवलेल्या रोपांच्या कागदांचा एक गठ्ठा पोत्यात गेलाही. दुसऱ्यावर मला शिकवणाऱ्या सरांचं अक्षर दिसलं आणि मी तो हातातून ओढून घेतला. सरांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

वरचाच कागद कंदीलपुष्पाचा. वर्तमानपत्रात दाबून वाळवलेलं रोप, दोऱ्यानं टाचलेलं. लिंबाएवढा कंद उभा चिरून चिकटवलेला. उजव्या कोपऱ्यात लेबल: अंजनेरी, पठारावरचं गवत, ऑगस्ट 1984. नावाच्या जागी नुसतं ‘सेरोपेजिया’, म्हणजे सगळ्या कंदीलपुष्पांचं सामाईक नाव, आणि पुढे जातीच्या जागी पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह.

माझ्या छातीत धडधडायला लागलं. नाशिकजवळच्या याच अंजनेरी डोंगरावरच्या कंदीलपुष्पाची ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही नवी जात 2006 साली जाहीर झाली. म्हणजे सर बावीस वर्षं आधी तिच्यापाशी थबकले होते की काय?

कपाट राहिलं बाजूला. एक फूल सोडवून गरम पाण्यात टाकलं. वाळकं फूल असं मऊ झाल्याशिवाय उघडत नाही. कंदीलपुष्पाची खरी ओळख फुलाच्या नळीच्या तळाशी, किरीटात, म्हणजे मुकुटासारख्या इवल्या भागात असते. नळीत खाली वळलेले केस असतात. चिलटाएवढी माशी आत घसरते, अडकते आणि केस सुकले की पराग घेऊन सुटते. सुईनं नळी चिरली. केस दिसले. किरीटाच्या जागी भोक! कसरीनं नेमकं तेच खाल्लेलं. दुसऱ्या फुलाचीही तीच गत, आणि तिसरं नव्हतंच. डांबरगोळ्यांचे पैसे कधी थांबले कोण जाणे.

सर फादर सांतापाऊंचे भक्त. 1903 मध्ये स्पेनमध्ये जन्मलेले हे जेझुइट पाद्री मुंबईच्या झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे. खंडाळ्याचे डोंगर पायाखाली घालून त्यांनी तिथल्या झाडाझुडपांवर ग्रंथ लिहिला, तो 1953 साली आला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले, 1967 मध्ये पद्मश्री मिळाली, 1970 मध्ये गेले. एका कंदीलपुष्पाला त्यांचं नाव आहे, ‘सेरोपेजिया सांतापाऊई’. सर मात्र पद्मश्रीबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. “त्यांच्यासारखं लेबल लिहा,” एवढंच. आम्ही तोंड लपवून हसायचो.

मामा खांद्यावरून डोकावले. “ही तर खरपुडी. लहानपणी ढोरांमागं जायचो तेव्हा उकरून खायचो. गोड लागते.” ते त्र्यंबककडचे.

“आता उकरू नका हं.”

“आता सापडती कुठं?” मग पोत्याकडे बघत म्हणाले, “पण मॅडम, चाळीस वर्षांत हिचं नाव ठरंना, तर ठेवून काय करायचं?”

“नाव नसलं तरी गाव आहे ना, मामा.”

त्यांना ते काही पटलेलं दिसलं नाही. पण पहिला गठ्ठा त्यांनी पोत्यातून काढून दिला. त्यातल्या चार कागदांचा भुगा झाला होता.

आमच्यात जुनं नाव खोडत नाहीत. शेजारी नवी चिठ्ठी डकवायची. मीही डकवली: ‘सेरोपेजिया. किरीट नष्ट, जात ठरवता आली नाही.’ खाली सही, तारीख. सरांचं प्रश्नचिन्ह तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. कपाटापाशी एक सदस्य थांबले आणि नाक मुरडून म्हणाले, “कसला वास येतोय?”

“डांबरगोळ्यांचा,” मी म्हटलं. “कालच आणल्यात.”