निघण्याआधीचं मिनिट

गाडीत बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारणारा माणूस बघणाऱ्याला हमखास विचित्र वाटतो. टायरपाशी वाकलं की "पंक्चर का?" गाडीखाली डोकावलं की "काय पडलं?" काही नाही, नुसता बघतोय, असं सांगितलं तर समोरचा अशा नजरेनं बघतो की आपणच दोन वाक्यं जास्तीची बोलून सारवासारव करायला लागतो. हेच काम विमानाचा पायलट करत असला की खिडकीतून बघणाऱ्या प्रवाशाला मात्र हायसं वाटतं. चाकापाशी वाकलेला पायलट जबाबदार, आणि तसाच वाकलेला मोटारवाला भित्रा!

पायलटांनाही हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवरून बोइंगचं नवंकोरं बॉम्बर विमान, मॉडेल २९९, चाचणीसाठी उडालं, नाक वर करून चढत गेलं आणि कोसळलं. विमानात बिघाड नव्हता, चालवणारे मुरलेले होते. जमिनीवर उभं असताना शेपटीकडचे हलते भाग वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून लावलेली अडकण काढायची राहून गेली होती, एवढंच. त्यानंतर उड्डाणाआधी काय काय बघायचं याची यादी कागदावर उतरली. विसरायलाही आधी हात बसावा लागतो. नवशिका किल्ली फिरवण्याआधी सीट, आरसा, बेल्ट, गिअर सगळं घाबरत घाबरत बघतो. वर्षानुवर्षं चालवणारा फोन खांद्यात धरून रिव्हर्स घेतो.

या फेरीत बहुतेक दिवशी काहीही सापडत नाही. माझ्या मते तीच तिची कमाई. रोज बघून बघून आपली गाडी धड असताना कशी उभी राहते ते डोळ्यांत बसतं, आणि मग एखाद्या सकाळी मागचं एक चाक जरा बसल्यासारखं दिसतं. काय बदललंय ते चटकन सांगता येत नाही, पण पाय थबकतात. ज्यानं गाडी एरवी कधी धड पाहिलेलीच नाही, त्याला ते चाक तसंच होतं असं वाटतं.

या फेरीतला निम्मा वेळ मी टायरांना देतो. दीड टन वजनाची गाडी रस्त्याला टेकते ती चार जागी, आणि प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी. इंजिनाची ताकद, ब्रेकची पकड, स्टिअरिंगचं वळण, सगळा व्यवहार त्या चार तळहातांतून. तरी गाडी घेताना लोक म्युझिक सिस्टिमबद्दल जेवढी चौकशी करतात तेवढी टायरबद्दल करत नाहीत.

टायरवर हात फिरवून बघावा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर बरेच दिवस हवा कमी होती. मधला पट्टा गुळगुळीत असेल तर हवा जास्त होती. एकाच बाजूची कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, गेलंय, किंवा खालचा एखादा जोड ढिला झालाय. नक्षीच्या खोल चरांत नीट पाहिलं तर तळाशी आडव्या, बुटक्या रबरी पट्ट्या दिसतात. झीज होत होत वरचं रबर त्या पट्ट्यांच्या पातळीला आलं, म्हणजे चराची खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. मी तर पावसाळा तोंडावर असेल तेव्हा तिथवर थांबूच नये अशा मताचा आहे. चरांचं काम पाणी बाजूला सारणं. ते उथळ झाले की वेगात टायर पाण्यावर चढतो, स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि गाडी आपलं ऐकेनाशी होते. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही, ऍक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढायचा.

टायरला वयही असतं, आणि ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. डॉट (DOT) या अक्षरांपुढच्या लांबलचक क्रमांकातले शेवटचे चार आकडे बघायचे. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी फिरलेल्या गाडीचे टायर दिसायला नवे असतात, पण रबर उभ्या उभ्याही कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. आणि बाजूच्या भिंतीवर कुठे फुगा आलेला दिसला तर आतले दोरे तुटलेत असं समजायचं. त्याला पॅच नाही, टायर बदलायचा.

हवेबद्दल लोकांच्या डोक्यात भलभलत्या समजुती असतात. किती भरायची तो आकडा टायरवर नसतो. टायरवर असते ती कमाल मर्यादा. आपल्या गाडीचा आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, कधी पेट्रोलच्या झाकणाच्या आत. मोजायची ती टायर थंड असताना. दहा अंश सेल्सिअसच्या फरकानं दाब साधारण दीड-दोन पीएसआयनं (हवेचा दाब मोजायचं एकक) बदलतो, शिवाय गाडी पळाली की टायर आणखी तापतो. आणि सगळ्यांत घातक समजूत म्हणजे उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवायची. नेमकं उलटं होतं. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त मुडपते, मुडपून मुडपून तापते, आणि भरवेगात फुटते ती त्या तापलेपणानं. इतक्या लोकांनी हा सल्ला इतक्या आत्मविश्वासानं दिलेला ऐकलाय की आता मी वाद घालत नाही, नुसता स्टिकर दाखवतो.

डिकीतली स्टेपनी ही तर विस्मरणाची परमावधी. तिच्यातही हवा लागते. आणि जॅक, पाना जागेवर आहेत का, हेही कधी तरी बघून ठेवावं. चाक बदलताना नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असताना, गाडी उचलल्यावर नाही. परत बसवताना समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे. जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही, एक मिनिटही नाही.

गाडीखालची जमीन बरंच काही सांगते. एसी चालवून थांबल्यावर स्वच्छ पाणी ठिबकतं, त्याला घाबरायचं कारण नाही. हिरवट, गुलाबी किंवा निळसर बुळबुळीत थेंब म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारा द्रव. काळपट, चिकट डाग म्हणजे इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर ओल दिसली तर ब्रेक ऑइल असू शकतं, आणि मग गाडी हलवायचीच नाही, मेकॅनिकला बोलवायचं. जाता जाता बॉनेटवर थाप मारायची. थंडीत मांजरं गरम इंजिनाच्या आडोशाला शिरतात, आणि किल्ली फिरली की त्यांना पळायला वेळ मिळत नाही.

बॉनेटखालचं रोज उघडून बघण्यासारखं काही नसतं, पंधरवड्यातून एकदा पुरे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून पुसायची, पुन्हा घालून काढायची, ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काही जण डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागेपर्यंत वाट बघतात. तो दिवा ऑइलचा दाब पडल्याचा असतो. तो लागला की गॅरेजपर्यंत जाऊ असं म्हणायचंच नाही, जिथे असाल तिथे कडेला घेऊन इंजिन बंद. गरम इंजिनावर कूलंटचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत ते दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं.

ब्रेक ऑइलची गोष्ट जरा वेगळी. त्याची पातळी हळूहळू उतरली तर गळतीच असेल असं नाही. चाकाला धरून थांबवणारे ब्रेकचे पॅड झिजले की ऑइल तिकडे भरायला जातं. म्हणून वरून भर घालून मोकळं होण्याआधी पॅड बघावेत. दुसरं म्हणजे ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच दंडक १५५ अंशांवर येतो. लांबलचक उतारावर ब्रेक तेवढे तापू शकतात. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जातं. ऑइल दिसायला छान असलं तरी दोन वर्षांनी बदला, असं जे सांगतात ते गॅरेजवाल्याच्या फायद्यासाठी नसतं. आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावं, निम्मं काम इंजिन करतं.

ब्रेकच्या इतिहासात मला सगळ्यांत आवडतं ते बर्था बेंझचं काम. ऑगस्ट १८८८ मध्ये या बाई नवऱ्याला, कार्ल बेंझला, न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी हॅटच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावायची सुरुवात ती. मोटारीतला पहिला लांबचा प्रवास करणारी व्यक्ती वाटेत थांबून थांबून गाडी बघत होती, हे मला फार बरं वाटतं.

आत बसल्यावर आधी पायांखाली बघावं. सैल मॅट सरकून पेडलखाली जाते. त्याहून वाईट म्हणजे सीटखाली टाकलेली पाण्याची बाटली. ब्रेक मारला की ती घरंगळत पुढे येते आणि नेमकी ब्रेक पेडलच्या मागे अडकते. मग पाय कितीही दाबा, पेडल अर्ध्यावरच थांबणार. सीट अशी हवी की पेडल तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा जरा वाकलेला राहील, आणि छाती स्टिअरिंगपासून निदान २५ सेंटिमीटर दूर. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागात फुगते, जवळ बसणाऱ्याला तिचाच फटका बसतो. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीला हवा. मागून धडक बसली की मानेला आवरणारं तेवढंच असतं.

बाहेरच्या आरशांत बहुतेकांना आपल्याच गाडीची अर्धी बाजू दिसत असते. आपली गाडी काही आपला पाठलाग करत नसते. खिडकीच्या काचेला डोकं टेकवून त्या बाजूचा आरसा असा लावावा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. दुसऱ्या बाजूसाठी डोकं गाडीच्या मध्यावर आणायचं. सरळ बसल्यावर आपली गाडी दिसेनाशी होते आणि शेजारून येणारी दिसायला लागते. सवय व्हायला दोन-चार दिवस जातात.

बेल्टचा खालचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसायला हवा. वरचा छातीवरून, पीळ न पडता. तीन ठिकाणी अडकणारा हा बेल्ट १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी आणला आणि कंपनीनं तो इतरांनाही वापरू दिला. मागच्या सीटवरच्यांनाही तो तेवढाच लागू आहे. मागचा बेल्ट न लावलेला माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळतो, आणि मग पुढच्याचा बेल्ट त्याला किती वाचवणार?

किल्ली फिरवल्यावर लगेच स्टार्टर मारू नये. डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे क्षणभर उजळतात, तो त्यांचा हजेरीपट. बरेचसे लगेच विझतात, उरलेले इंजिन चालू झाल्यावर. जो विझत नाही त्याची दखल घ्यायची, पण जो लागलाच नाही त्याचीही. पिवळा म्हणजे लवकर दाखवा, लाल म्हणजे थांबा. निघाल्यावर पहिल्या काही मीटरांतच, मागे कुणी नसताना, हळू वेगात एकदा ब्रेक दाबून बघायचा. पेडल मऊ लागतं का, गाडी एका बाजूला ओढते का, इतकंच.

पुढचं सगळं अंतराचं आहे. ताशी ९० किलोमीटरला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. फोनकडे दोन सेकंद बघितलं की ५० मीटर आंधळे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात मोजावं, आपण तिथे पोचायला निदान दोन सेकंद लागले पाहिजेत, पावसात चार. मध्ये कुणी घुसलं तर घुसू द्यावं, पुन्हा मागे राहावं. यानं पोचायला उशीर होतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा घड्याळ लावून बघावं. आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत जोरात थांबायची वेळ आली तर पेडल दाबून धरायचं, पायाखाली ते थरथरलं तरी सोडायचं नाही. ती थरथर म्हणजे यंत्रणेचं काम चालू आहे.

पोचल्यावर हँडब्रेक, चढ-उतार असेल तर गिअरही, आणि मागच्या सीटवर एक नजर. बंद गाडीत उन्हात दहा मिनिटांत तापमान दहा अंशांहून जास्त वाढू शकतं, मूल झोपलंय म्हणून काच थोडी उघडी ठेवून जाणं हा उपाय नव्हे. मग दार. दार जवळच्या हातानं न उघडता लांबच्या हातानं उघडायचं. तो हात पोचवायला खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते, आणि मागून येणारा सायकलवाला न ठरवताही दिसतो.