गिअरबॉक्स वाचला राव!

तीन महिन्यांपूर्वी घेतलेली आमची 2012 ची सेकंडहँड डिझेल गाडी 80 च्या पुढं गेली की थरथरायची. डॅशबोर्डवरचा गणपती पार नाचायचा. एका गॅरेजवाल्यानं गाडी न चालवताच सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, 25 हजार धरून चला.

आज बीडला मेकॅनिक चाचांकडं नेली. चाचा पान्याला हातच लावेनात. शेजारी बसले अन् म्हणाले, "घ्या मांजरसुंब्याकडं."

मोकळा सपाट रस्ता बघून 80 ला न्यूट्रल करायला लावलं. थरथर गायब! चाकं तर त्याच वेगानं फिरत होती, म्हणजे बॅलन्सिंगचा दोष नाही. गाडी उभी करून रेस दिली, तरी शांत. म्हणजे इंजिन माउंटिंगवरचा (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) संशय कमी झाला. घाटाच्या चढाला दाबली की मात्र लगेच पायाखाली घरघर. आरपीएम चढेल तसा वेगही वाढत होता, म्हणून क्लचवरचा संशयही गेला.

परत येऊन जॅक लावला. डाव्या एक्सलच्या (गिअरबॉक्समधून चाकाला ताकद नेणारा दांडा) आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवरचं रबरी बूट (झाकण) फाटलेलं, ग्रीस उडून सगळीकडं काळं थापलेलं, त्यात बारीक माती. चाचांनी एक्सल धरून हलवला, टक-टक.

"वळताना कट-कट वाजली असती तर बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट. तुमचा आतला गेलाय."

चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

सामान उद्या संभाजीनगरहून येणार. तोवर मी स्कुटीवर, आणि घरात "नवीच घ्या म्हणले होते मी" चालू आहे.